हळदी-कुंकू लावा, पण आधी बांधावरची रुई राखा

फुलपाखरांची बाग हा विषय शेतीच्या पत्रिकेत पाहून काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल. विहिरीस पाणी नाही, कांद्यास भाव नाही, मजूर मिळत नाही, आणि अशा वेळी फुलपाखरांचे कौतुक कोणी सांगावे, असा प्रश्न ते करतील तर त्यांस दोष देता येणार नाही. तथापि गेल्या काही वर्षांत आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक शाळांनी व ग्रामपंचायतींनी अशा बागा करण्यास आरंभ केला आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझी वसुंधरा' अभियानामुळे गावोगाव रोपे लावण्याची हौसही वाढली आहे. या बागांत जे रोप सर्वांत आधी येते, त्याविषयी गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस चार गोष्टी स्पष्टपणे सांगणे अवश्य झाले आहे. त्यांतील काही गोष्टी प्रस्तुत लेखकास स्वतःच्या चुकीतून कळल्या, हेही आरंभीच सांगून टाकणे बरे.

हे रोप म्हणजे हळदी-कुंकू. पाकळ्या कुंकवासारख्या तांबड्या व मधला मुकुट हळदीसारखा पिवळा, म्हणून हे नाव. शेंग कावळ्याच्या चोचीसारखी निमुळती, म्हणून याला काकतुंडी असेही म्हणतात. काही ठिकाणी कुरकी हेही नाव ऐकू येते. झुडूप कमरेपर्यंत उंच होते, पाने समोरासमोर व भाल्याच्या पात्यासारखी असतात, आणि कोठेही खुडले तरी पांढरा चीक येतो. चीक पाहिला की हे रुईचे भाऊबंद आहे हे जाणत्या शेतकऱ्याच्या लगेच ध्यानात येते. मात्र रुई या मातीची, आणि हळदी-कुंकू उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे. शोभेचे झाड म्हणून ते जगभर पसरले व आपल्याकडेही येऊन स्थिरावले.

परके म्हणून ते वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मिरची, मका, टोमॅटो, पेरू आणि दसऱ्याला दारावर चढणारा झेंडू हे सारे अमेरिकेकडूनच आले, आणि आज त्यांवाचून आपले पान हलत नाही. प्रश्न एवढाच की, आणलेले झाड आपल्या आवरात राहते की नाही, आणि त्याच्या नादात आपण घरचे झाड उपटून टाकतो की काय.

या चिकात हृदयाची क्रिया बिघडविणारे विष असते. बहुतेक किडी त्यामुळे या कुळापासून दूर राहतात. पण फुलपाखरांच्या एका गटाने हेच विष पचविण्याची कला साधली आहे. आपल्याकडील बिबळ्या कडवा हे नारिंगी पंखांचे, पंखांच्या टोकास काळी किनार व तीत पांढरे ठिपके असलेले फुलपाखरू त्यांपैकीच होय. त्याची मादी पानाच्या खालच्या अंगास एकेक रुपेरी अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते. पांढऱ्या, काळ्या व पिवळ्या पट्ट्यांची ही अळी पाठीवरच्या काळ्या शिंगांच्या तीन जोड्यांमुळे सहज ओळखता येते. दोन आठवडे पाने खाऊन ती कोषात जाते. चिकातील विष अळीच्या अंगात साठते व पुढे फुलपाखरातही राहते; एकदा ते चाखून ओकलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेस जात नाही.

यावर शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो असा : ही अळी उद्या माझ्या कपाशीवर किंवा तुरीवर आली तर? ती येणार नाही. तिचे अन्न रुईच्या कुळातील झाडे. दुसऱ्या पानावर ठेवली तर ती उपाशी मरेल. श्रीगोंद्याकडील लिंबू बागायतदारांना रोपांची पाने खाणाऱ्या फुलपाखराची अळी परिचित आहे, त्यामुळे अळी म्हणजे कीड हा त्यांचा ग्रह स्वाभाविक आहे. पण ती जात निराळी. आणि फुलपाखरांच्या बागेमुळे डाळिंब अधिक धरेल किंवा कांद्याचे बी अधिक भरेल, असले आश्वासनही आम्ही देणार नाही. परागीभवनाचे खरे काम मधमाश्या व भुंगे करतात. फुलपाखरांचा वाटा त्यामानाने थोडा.

आता ती चूक. कालव्याच्या लाभक्षेत्रातील एका गावच्या शाळेस आम्हीच फुलपाखरांच्या बागेची सूचना केली. शिक्षकांनी उत्साहाने हळदी-कुंकवाची चाळीस रोपे एका रोपवाटिकेतून विकत आणली व चारीच्या कडेने, पाणी हाताशी म्हणून, दोन ओळींत लावली. बागेच्या उद्घाटनापूर्वी आवाराची स्वच्छता झाली. कुंपणाबाहेर शेजारच्या बांधावर रुईची सात-आठ जुनी झाडे व त्यांवर चढलेली उतरणीची वेल होती. ती 'घाण' म्हणून तोडून बुंध्यावर तणनाशक मारण्यात आले. त्या वेळी आम्ही तेथे उभे होतो. आवार नीटनेटके दिसले पाहिजे, हे आमचेही मत होते.

आठवड्याभरात माद्या आल्या व त्यांनी नव्या रोपांवर अंडी घातली. मुलांनी पाने उलटून अंडी मोजली. अळ्या निघाल्या आणि दोन-तीन दिवसांत एकेक करून गळून पडल्या. मुले रडकुंडीस आली. गावात त्या आठवड्यात कोणी फवारणी केली नव्हती. शोध घेता असे कळले की, रोपांवर मावा पडू नये म्हणून विक्रीपूर्वी त्यांच्या मुळाशी आंतरप्रवाही कीटकनाशक ओतले होते. असले औषध मुळावाटे पानात, फुलात व मधात जाते आणि कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने टिकते. रोप वरून टवटवीत दिसते. माव्यासाठी घातलेले विष अळीला माव्याहून निराळे ओळखत नाही. रोपवाटिकेने आपल्या दृष्टीने चांगला माल दिला होता. ही रोपे अळ्यांच्या खाण्यासाठी आहेत, हे कोणी तिला सांगितलेच नव्हते.

एकंदरीत बांधावर फुलपाखरांचे जे अन्न फुकट उभे होते ते आम्ही मारले, आणि पैसे देऊन विषारी अन्न आणून लावले.

असाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत घडला, म्हणून तो येथे सांगतो. बिबळ्या कडव्याच्याच प्रजातीतील मोनार्क नावाचे फुलपाखरू उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेत वाढते आणि थंडीपूर्वी हजारो किलोमीटर उडत मेक्सिकोच्या डोंगरांतील वनात जाऊन राहते. त्याच्या अळ्या तिकडच्या चिकाळ रोपांवर जगतात. ही रोपे मका व सोयाबीनच्या शेतांत तण म्हणून उगवत. १९९६ नंतर तणनाशकास दाद न देणारी सोयाबीन व पुढे मक्याची बियाणी आली, सरसकट फवारणी सुरू झाली आणि शेतांतील ही रोपे झपाट्याने नाहीशी झाली. मोनार्क घटू लागले, तेव्हा हळहळलेल्या लोकांनी घरोघर बागेत रोपे लावली. बाजारात सहज मिळणारे व वर्षभर फुलणारे रोप म्हणजे हेच हळदी-कुंकू.

तेथील देशी रोपे थंडीत वरून वाळून जातात, पण हळदी-कुंकू अमेरिकेच्या उबदार दक्षिण भागात हिवाळाभर हिरवे राहते. त्यामुळे काही फुलपाखरे प्रवासास न जाता तेथेच अंडी घालीत राहिली. मोनार्कला एका सूक्ष्म परजीवीचा रोग होतो. त्याचे बीजाणू फुलपाखराच्या अंगावरून पानांवर सांडतात व पाने खाणाऱ्या अळीच्या पोटात जातात. रोप वाळले की बीजाणूंची ती साखळी तुटते. रोप वर्षभर हिरवे राहिले तर पिढ्यामागून पिढ्या त्याच पानांवर रोग साचत जातो. प्रवास न करणाऱ्या अशा फुलपाखरांत रोगाचे प्रमाण पुष्कळ अधिक असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणून तेथे हळदी-कुंकू हिवाळ्याच्या तोंडी वीतभर ठेवून छाटावे, आणि शक्य तर त्याऐवजी स्थानिक रोपे लावावी, असा सल्ला दिला जातो. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील काही जिल्ह्यांनी तर त्याच्या विक्रीस मनाई केली.

हे ऐकून आपल्याकडील काही उत्साही मंडळी हळदी-कुंकू समूळ उपटावे असे म्हणू लागली आहेत. आमच्या मते अमेरिकेचे औषध जसेच्या तसे आपल्या रोग्यास पाजणे योग्य नाही. आपला बिबळ्या कडवा मेक्सिकोस जात नाही. त्याचे मूळ अन्न जी रुई, ती स्वतःच बारमाही हिरवी असते. चैत्र-वैशाखात सर्व रान करपते तेव्हाही मुरमाड माळावर ती उभी असते. तेव्हा हिवाळ्यात हिरवे राहणे हा हळदी-कुंकवाचा येथे अपराध होऊ शकत नाही. दक्षिण भारतात निळ्या पट्ट्यांची काही फुलपाखरे ऋतुमानाप्रमाणे सह्याद्री व पूर्वेकडील मैदानांत ये-जा करतात हे खरे, पण त्यांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेच्या कथेतून आपण घ्यावयाचे ते एवढेच : पानांची दाटी व जुनाट वाढ रोगास आश्रय देते, म्हणून रोप मधूनमधून छाटावे. आणि शेताच्या बांधावरून जे नाहीसे झाले ते कुंडीत लावून परत येत नाही.

आपल्याकडील खरा धोका बियांचा आहे. शेंग तडकली की रुईप्रमाणेच हिच्यातूनही रेशमी झुबक्याचे बी वाऱ्यावर निघते. मुले जिला म्हातारी म्हणून पकडावयास धावतात, तीच ही. रुईची म्हातारी पाथर्डीच्या माळावर उतरली तर तेथे रुईचे घर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. हळदी-कुंकवाच्या म्हातारीस ओल लागते. म्हणून आपल्या जिल्ह्यात सर्वत्र सारखा सल्ला देता येत नाही. जामखेड, कर्जत, पारनेर, पाथर्डीकडील कोरड्या गावांत शाळेच्या आवारातून ते फार दूर जाण्याचा संभव कमी, कारण पाणी तोडले की रोप संपले. परंतु भंडारदऱ्याच्या पाण्यावरील प्रवरेचे कालवे, मुळेचे कालवे आणि कोपरगाव-राहात्याकडील गोदावरीचे कालवे यांच्या काठी बारमाही ओल असते, आणि चाऱ्यांचे जाळे गावोगाव पोहोचलेले आहे. तेथे एक शेंग पाण्याकाठी तडकली तर तिचे बी कोणकोणत्या शिवारात उगवेल हे सांगता येणार नाही. अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या आसपास तर हे रोप लावूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या डोंगरांत रुईच्या कुळातील कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ देशी वनस्पती आहेत. त्यांच्या दारात परका पाहुणा बसविण्याचे कारण नाही.

कोणास ही भीती अतिशयोक्त वाटेल. पण शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने डोंगरउतार कसे व्यापले हे अकोल्याच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेचे झाड म्हणूनच या देशात आली. गाजरगवताची नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात झाली, आणि आज ते नसलेला बांध दाखवा म्हटले तर दाखविता येत नाही. हळदी-कुंकू त्या दोहोंइतके उपद्रवी ठरलेले नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ते ठरू नये एवढीच आमची इच्छा.

दुसरा धोका गुरांचा. रुईस गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. हळदी-कुंकूही हिरवे असताना ती टाळतात. पण चारीकाठचे गवत कापून वैरण केली व त्यात याच्या काड्या मिसळल्या तर वाळल्यावरही विष जात नाही, आणि भुकेले जनावर गव्हाणीत निवड करीत बसत नाही. ज्या गावात गवत कापून आणण्याची रीत आहे तेथे हे रोप गोठ्यापासून व वैरणीच्या जागेपासून दूर असावे. माणसासही जपावयास हवे. रुई व हळदी-कुंकू या दोहोंचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यास गंभीर इजा होऊ शकते. मुलांनी पान खुडल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यास लावू नये. चीक गेलाच तर पुष्कळ स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवावा व त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. घरगुती उपाय करीत बसू नये.

इतके सांगूनही ज्यांस हळदी-कुंकू लावावयाचे आहे त्यांनी ते अवश्य लावावे. फूल सुंदर आहे, रोप लवकर वाढते, आणि शाळेतील मुलास अंड्यापासून पंखापर्यंतचा सारा प्रकार एका महिन्यात डोळ्यांनी पाहावयास मिळतो. रुईचे झुडूप बांधावर असते, हे वर्गाच्या खिडकीशी असते, एवढा त्याचा उपयोग मोठाच आहे. मात्र विकतचे रोप न आणता कोणाकडून बी किंवा फांदी आणून घरीच रोप करावे. बी सहज उगवते, फांदीही लागते. एका शाळेस पाच-सहा रोपे पुरेत. ती वाफ्यात किंवा कुंडीत, चारी, ओढा व विहिरीपासून दूर लावावी. शेंग हिरवी असतानाच, म्हातारी उडण्यापूर्वी, खुडावी आणि पुरावी किंवा जाळावी. हे काम एका वर्गाकडे नेमून दिले तर चुकत नाही. पावसाळा सरल्यावर एकदा व उन्हाळ्याच्या तोंडी एकदा रोपे वीतभर ठेवून छाटावी. छाटण्यापूर्वी पाने उलटून पाहावी व अळ्या असतील तर त्या जवळच्या रुईवर ठेवाव्या. सगळी रोपे एकाच दिवशी छाटू नयेत. पिवळा मावा पडेल, तो पडतोच. त्यावर औषध मारावयाचे नाही. पाण्याच्या धारेने तो धुऊन टाकावा, किंवा तसाच राहू द्यावा, म्हणजे ढालकिडे येतात. हे ढालकिडे पुढे शेतातील माव्यावरही जातात, आणि बागेचा शेतीस काही रोकडा लाभ असेल तर तो हा.

प्रौढ फुलपाखरांसाठी निराळ्या फुलांची फार काळजी करावयास नको. झेंडू व बांधावरची दगडी ही फुले त्यांस पुरतात. कडव्यांचे नर खुळखुळा व भुरुंडी यांच्या वाळलेल्या काड्यांवर जमून त्यांतील रस शोषतात. तेव्हा खळ्याच्या कडेस अशा चार काड्या पडून राहिल्या तर त्या लगेच पेटवू नयेत. वाळल्या काडीवर दहा-वीस फुलपाखरे लटकलेली पाहण्यासारखी असतात.

आता रुईविषयी. रुई ठेवा म्हटले की बांध अडतो, रंगीत टोळ पोसले जातात, अशा तक्रारी येतात. टोळाची तक्रार अगदीच निराधार नाही. रुईवरील तो निळा-पिवळा टोळ क्वचित भाजीपाल्यावर उतरतो. पण त्याचे मुख्य अन्न रुईच आहे, आणि रुई एकाएकी तोडली तर तो जाणार कोठे? पिकाच्या ओळीत रुई ठेवा असे कोणीच म्हणत नाही. पडीक ताल, मुरमाड कोपरा, गावठाणाची हद्द, स्मशानाची वाट, येथे ती कोणाचे काय घेते? तिला पाणी नको, खत नको, राखण नको. उतरणीच्या वेलीस कुंपण पुरते. तिची पाने बिबळ्या कडव्याची अळी आवडीने खाते. बांध स्वच्छ ठेवावयाचा असेल तर विळ्याने गवत कापावे. तणनाशकाचा पंप बांधावर नेण्याची जी सवय गेल्या काही वर्षांत लागली आहे ती आम्हांस पसंत नाही. गवताबरोबर मातीही सुटते, हे पहिल्या मोठ्या पावसात दिसते.

शिवाय या जिल्ह्यात रुईस मान आहे. शनिवारी मारुतीस रुईच्या पानांची माळ घालण्याची चाल गावोगाव आहे, आणि नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरास रुईची पाने व माळा मोठ्या प्रमाणात वाहिल्या जातात. त्या माळांवर अनेक गरीब घरांची मीठभाकरी चालते. पाने खुडणाऱ्या स्त्रियांस एवढेच सांगावे की, पान तोडण्यापूर्वी ते पालथे करून पाहावे. पाठीस रुपेरी ठिपका किंवा शिंगांची अळी असेल तर ते पान सोडून शेजारचे घ्यावे. यात क्षणभरही अधिक जात नाही. देवळाबाहेर टाकलेल्या शिळ्या माळांत अळ्या मरून पडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

त्या शाळेने पुढे चारीकाठची सर्व रोपे उपटून जाळली. बियांपासून केलेली सहा रोपे आता वर्गाच्या भिंतीशी वाफ्यात आहेत. शेंगा खुडण्याचे काम सातवीच्या मुलींकडे आहे, आणि त्या ते आमच्यापेक्षा काटेकोरपणे करतात. बांध ज्यांचा, त्या शेतकऱ्याची क्षमा मागावयास आम्ही गेलो, तेव्हा ते हसून म्हणाले, ''साहेब, रुई का एवढ्याने मरते?'' दोन पावसाळ्यांनंतर जुन्या बुंध्यांपैकी तीन पुन्हा फुटले आहेत. उतरण मात्र अद्याप परत आलेली नाही. तिचे बी येत्या आखाडात पलीकडच्या शिवारातून आणावयाचे ठरले आहे.